पंखा सुरू होण्याआधीची पाच मिनिटे कोणाची?

नागपूर, प्रतिनिधी

हिंगणा औद्योगिक वसाहतीत मे महिन्याच्या दुपारी वीज गेली की कारखान्यांतील सारे आवाज एकदम थांबतात आणि पत्र्याच्या छताखाली उभे राहणे अशक्य होते. कामगार दाराशी, कडुनिंबाच्या सावलीला येऊन बसतात. अर्ध्या-पाऊण तासाने कोणीतरी ‘लाइन आली’ असे ओरडतो, आणि सर्वांत आधी जे बटण दाबले जाते ते पंख्याचे असते. उष्णतेने हैराण झालेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही. परंतु कारखान्यातील पंख्याच्या दृष्टीने नेमका हाच क्षण सर्वाधिक धोक्याचा असतो.

कारण वीज नसलेल्या या वेळाचा उपयोग अनेक लहान कारखान्यांत देखभालीसाठी करून घेतला जातो. ‘नाही तरी सगळे बंदच आहे, तेवढ्यात पट्टा ताणून घे’ असे सांगून फिटरला शिडीवर चढवले जाते. त्याने पट्ट्यावरील जाळी उतरवलेली असते, एका हातात पाना आणि दुसरा हात पुलीवर असतो. मुख्य स्विच मात्र कोणी पाडलेला नसतो. वीज गेली म्हणजे यंत्र बंद झाले, एवढ्या एका समजुतीवर त्या माणसाची बोटे पट्टा आणि पुली यांच्या मध्ये असतात. वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होऊ नये, यासाठी स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइलची सोय असते. पण दरवेळी बटण दाबावे लागू नये म्हणून ते खाचेत अडकवून ठेवण्याची किंवा कॉइलला वगळून थेट जोड देण्याची युक्ती जेथे केलेली असते, तेथे वीज येताच मोटर फिरू लागते. आणि कॉइल शाबूत असली, तरी खाली पॅनेलपाशी उभ्या असलेल्या माणसाला वर कोण चढले आहे हे दिसतेच असे नाही.

औद्योगिक सुरक्षेचा विषय नागपूर परिसरात निघतो तो मोठ्या दुर्घटनांनंतर. हिंगण्याच्या सोनेगाव भागातील एका कारखान्यात २४ एप्रिल २०२३ रोजी लागलेल्या आगीत तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यातील स्फोटाने नऊ जणांचा बळी घेतला, तर १३ जून २०२४ रोजी हिंगणा पोलीस ठाण्याच्या हद्दीतील धामणा येथे तशाच एका कारखान्यात स्फोट झाला. या प्रत्येक वेळी मंत्र्यांच्या भेटी, मदतीच्या घोषणा आणि चौकशीचे आदेश हा क्रम पार पडला. पट्ट्यात सापडून तुटलेल्या बोटांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. देशातील नोंदणीकृत कारखान्यांत २०१७ ते २०२० या काळात दररोज सरासरी तीन कामगार मृत्युमुखी पडल्याचे सरकारी आकडेवारीवरून दिसते. यातील ‘नोंदणीकृत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या शेडची कारखाना म्हणून नोंदच नाही, तेथील शिडीवरून पडलेला माणूस या सरासरीत येत नाही.

हिंगण्यात अवजड यंत्रसामग्री बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, तशाच त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या आणि दहा-पंधरा माणसांवर चालणाऱ्या असंख्य लहान शेडही आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि विदर्भात महामंडळाने उभारलेल्या जुन्या वसाहतींत हिंगण्याची गणना होते. त्यामुळे येथील कित्येक शेडचे छत, भिंती आणि त्यांवर बसवलेले पंखेही जुन्या घडणीचे आहेत. ओतकामाची धूळ, रंगकामाच्या खोलीतील द्रावकाची वाफ, वेल्डिंगचा धूर, भट्टीची उष्णता हे सर्व बाहेर टाकण्याचे काम या पंख्यांकडे असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात कारखान्यातील पंखा बंद पडणे ही गैरसोय राहत नाही, तो आरोग्याचा प्रश्न होतो. आणि म्हणूनच बंद पडलेला पंखा ‘आधी सुरू करा, मग पाहू’ या घाईने सुरू केला जातो.

पट्टा कशासाठी?

घरातील पंख्याप्रमाणे मोटरच्या दांड्यावरच पाती बसवण्याऐवजी कारखान्यात मोटर बाजूला ठेवून व्ही आकाराच्या पट्ट्यांनी पंखा फिरवण्याची पद्धत रूढ झाली, त्यामागे कारणे आहेत. मोटर गरम वा धुळीच्या हवेपासून दूर राहते, आणि पुली बदलून पंख्याचा वेग हवा तसा ठरवता येतो. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर सहा इंचांची आणि पंख्यावर बारा इंचांची पुली असेल, तर पंखा ७२० फेऱ्यांनी फिरतो. पट्टा तुटला तर तो थोडक्या पैशांत बदलता येतो, मोटर जळत नाही. या सोयीमुळेच पट्ट्यावरचा पंखा टिकून राहिला आहे. त्याचे धोकेही याच सोयीतून येतात.

पहिला धोका असा, की पट्ट्याच्या पंख्यात मोटर फिरणे आणि पंखा फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पट्टा तुटला किंवा सैल होऊन घसरू लागला, तरी मोटर फिरतच राहते. पॅनेलवरचा हिरवा दिवा मोटरला वीज मिळते आहे एवढेच सांगतो, छताजवळचा पंखा उभा असला तरी तो विझत नाही. रंगकामाच्या खोलीत किंवा द्रावक हाताळले जाते तेथे हा दिवा पाहून काम सुरू करणाऱ्या माणसाला, आपण साचलेल्या वाफेत उभे आहोत हे कळण्यास वाव नसतो. यावर उपाय महाग नाही. नळीत हवेचा दाब वा प्रवाह मोजणारा लहान स्विच बसवून दिव्याचा संबंध त्याच्याशी जोडला, की हवा खरोखरच वाहू लागल्याशिवाय दिवा लागत नाही. नव्या यंत्रणांत ही सोय मागता येते, जुन्या शेडमध्ये ती क्वचितच असते. आणि असलीच, तरी तो स्विचही अधूनमधून तपासावा लागतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवल्याची बातमी देशभर गाजली आणि नंतर हवामान खात्याने उपकरणातील बिघाड मान्य केला, हे नागपूरकर विसरले नसतील.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. तीन फेजच्या मोटरच्या कोणत्याही दोन तारा उलटसुलट झाल्या की ती उलट दिशेने फिरते. मोटर गुंडाळून आणल्यावर जोडणी करताना, किंवा परिसरातील रोहित्र वा केबल बदलल्यानंतर असे घडू शकते. भिंतीत बसवलेला साधा पात्यांचा पंखा उलट फिरला तर हवा बाहेरून आत येते, त्यामुळे चूक लगेच लक्षात येते. परंतु ज्याला कारखान्यात ब्लोअर म्हणतात, त्या गोगलगाईच्या आकाराच्या पंख्याचे चाक उलट फिरले तरी हवा त्याच दिशेने बाहेर पडते, फक्त ती बरीच कमी असते. आवाज येतो, दिवा लागतो, नळीच्या तोंडाशी हात धरला तर झुळूकही लागते. असा पंखा महिनोन् महिने उलटा चालू राहू शकतो, आणि ‘पूर्वीसारखी ओढ राहिली नाही’ म्हणून त्याचाच वेग वाढवण्याचा सल्ला दिला जातो. त्या पंख्याच्या कवचावर कारखान्यातूनच एक बाण कोरलेला असतो. हिंगण्यातील कामगार बालाघाट, शिवनी, छिंदवाडा येथून येतो, तसा बिहार आणि उत्तर प्रदेशातूनही येतो. इंग्रजी पुस्तिका त्याच्या कामाची नसते, पण बाण सर्वांना वाचता येतो. हा बाण रंगाच्या तीन थरांखाली गाडला गेला असेल, तर तो खरवडून पुन्हा लाल रंगाने काढण्यास दहा मिनिटे लागतात.

दिशा तपासण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. सर्वजण दूर झाल्यावर बटण क्षणभर दाबून सोडायचे आणि मंदावणारी पुली कोणत्या बाजूला फिरते ते जाळीतून पाहायचे. जाळी लावलेली असली पाहिजे, हे येथे मुद्दाम सांगावे लागते. कारण ‘फक्त दिशाच बघायची आहे’ हे जाळी न लावण्याचे सर्वांत प्रचलित निमित्त आहे.

तिसरा धोका हिशेबाचा आहे. पंख्याचा वेग वाढवला तर हवा त्याच प्रमाणात वाढते, मात्र लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरच्या उदाहरणात पंख्यावरील बारा इंचांची पुली काढून दहा इंचांची बसवली, तर वेग ७२० वरून ८६४ फेऱ्यांवर जातो. म्हणजे वेग आणि हवा वीस टक्क्यांनी वाढते, शक्ती मात्र जवळजवळ त्र्याहत्तर टक्क्यांनी. पूर्वी चार अश्वशक्ती घेणारा पंखा आता सात अश्वशक्तीच्या जवळ मागू लागतो, आणि मोटर पाचाचीच असते. ती जळाली तर नुकसान पैशांचे. पण पंख्याच्या चाकालाही एक कमाल सुरक्षित वेग असतो, तो निर्मात्याने ठरवून दिलेला असतो. जुने, गंजलेले, धूळ चढून तोल गेलेले चाक त्या वेगापलीकडे नेले तर ते फाटून कवचाबाहेर येऊ शकते. बाजारातून लहान पुली आणून बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

कुलूप आणि किल्ली

सुरू करण्यापूर्वीच्या तपासणीत काय काय येते, याची यादी प्रत्येक निर्मात्याच्या पुस्तिकेत असते. त्यातील बऱ्याच गोष्टी कोणाही जाणत्या फिटरला पाठ असतात. कवचात पाना, चिंधी, पक्ष्याचे घरटे राहिलेले नाही ना हे पाहणे. चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कोठे घासत नाही याची खात्री करणे. बेअरिंग आणि पुलीचे ग्रब स्क्रू, पायाचे बोल्ट आवळणे. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का हे ताणलेल्या दोरीने पाहणे. पट्ट्याचा ताण तपासणे. दोन पुल्यांतील मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावर बेताच्या जोराने दाबल्यावर तो त्या अंतराच्या साधारण चौसष्टाव्या भागाइतका, म्हणजे ८०० मिलिमीटरला बारा-तेरा मिलिमीटर, खाली जावा. त्याहून सैल असला तर घसरून तापतो, घट्ट असला तर बेअरिंग खातो. दोन-तीन पट्टे असतील तर एक तुटल्यावर सगळेच बदलावे लागतात, कारण ताणलेल्या जुन्या पट्ट्याशेजारी नवा बसवला तर सारा भार त्या नव्यावर येतो. पट्टा चढवताना मोटर पुढे सरकवून तो सैल करून घ्यायचा असतो. स्क्रू ड्रायव्हरने रेटून पुलीवर चढवण्याची जी सवय आहे, तिच्यात पट्ट्याचे धागेही तुटतात आणि बोटेही सापडतात.

एवढे माहीत असूनही अपघात होतात, कारण या कामाआधीचे एक काम वगळले जाते. ते म्हणजे वीज खरोखर तोडून तिला कुलूप घालणे. आयसोलेटर खाली ओढून त्याच्या कडीत कुलूप अडकवायचे आणि किल्ली शिडीवर चढणाऱ्याच्याच खिशात ठेवायची, ही पद्धत मोठ्या कंपन्यांत सक्तीची असते. तेथे प्रत्येक फिटरचे स्वतःचे कुलूप असते. दोघे काम करत असतील तर दोन कुलपे लागतात. कुलूप घातल्यावर सुरू करण्याचे बटण एकदा दाबून पाहायचे, पंखा हलला नाही तरच वर चढायचे. लहान शेडमध्ये याऐवजी एका मुलाला पॅनेलपाशी उभे केले जाते, ‘कोणाला हात लावू देऊ नको’ असे बजावून. त्या मुलाला चहा आणायला पाठवले, की ती सारी व्यवस्था संपते. चांगल्या कुलपाची किंमत पट्ट्यांच्या एका जोडीहून अधिक नसावी. अडचण पैशांची नसून वेळेची आणि मानाची आहे. मालकाने वा पर्यवेक्षकाने ‘लवकर आटप’ म्हटल्यावर किल्ली खिशात असल्याचे सांगण्याइतके बळ कंत्राटी कामगारापाशी नसते.

वीज तोडली तरी पंखा उभा राहतोच असे नाही. जड चाक बटण बंद केल्यानंतरही काही मिनिटे फिरत राहते. आणि धुराड्यातून येणाऱ्या वाऱ्याने किंवा शेजारच्या पंख्याच्या ओढीने, वीज नसतानाही ते संथ फिरू लागते. संथ फिरणाऱ्या मोठ्या पुलीत बोट तोडण्यापुरता जोर पुरेसा असतो. म्हणून झडप बंद करून चाक लाकडी ठोकळ्याने अडवावे लागते. तो ठोकळा काढायला विसरून पंखा सुरू करणारेही असतातच.

विदर्भातील उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट यात येते, ती म्हणजे दुपट्टा. डोक्याला आणि गळ्याला दुपट्टा बांधल्याशिवाय येथे कोणी उन्हात जात नाही, आणि शेडच्या आतही तो घाम पुसायला गळ्यात राहतो. फिरत्या पट्ट्याजवळ वाकलेल्या माणसाच्या गळ्यातील सैल कापड किती घातक ठरू शकते, हे १९४८ चा कारखाने अधिनियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. चालत्या यंत्राजवळ जाऊन तपासणी, तेल-ग्रीस किंवा पट्टा चढवण्याचे काम करावेच लागले, तर ते खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, त्याच्या अंगावर घट्ट बसणारे आणि मालकाने पुरवलेले कपडे असावेत, त्याचे नाव नोंदवहीत असावे, असे या कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट लिहिलेले होते. पंधरा सेंटिमीटरहून रुंद चालत्या पट्ट्याला हात लावण्यास मनाई होती. पाय ठेवायला पक्की जागा हवी, शिडी बांधलेली किंवा दुसऱ्याने धरलेली हवी, इथपर्यंत तपशील त्यात होता.

एम्प्रेस मिलपासून संहितेपर्यंत

हा तपशील आला कापडगिरण्यांतून. नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हा एका वाफेच्या इंजिनावर छताजवळचे लांब दांडे फिरत आणि प्रत्येक यंत्राला त्या दांड्यावरून चामडी पट्टा उतरलेला असे. एका गिरणीत असे शेकडो पट्टे कामगारांच्या डोक्यावर धावत असत. भारतातील पहिला कारखाने कायदा १८८१ चा, आणि बालकामगारांच्या तासांबरोबरच धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यातही होती. याच एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट व खेळती ठेवणारी साधने आणि आगीसाठी पाण्याचे फवारे टाटांनी देशात इतरांच्या आधी बसवले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाईही तेथे सुरू झाली. कायद्याने तसे करणे बंधनकारक होण्याच्या कित्येक वर्षे आधीची ही गोष्ट आहे. नागपूरच्या उद्योगाला हा वारसा आहे, याची आठवण येथील कार्यक्रमांतून वारंवार काढली जाते.

१९४८ च्या कायद्याची जागा आता ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पट्टे, पुल्या, कुंपणे यांचा जो तपशील जुन्या कायद्याच्या अंगातच होता, तो संहितेत नाही. तेथे कर्तव्याचे तत्त्व सांगून बाकीचे नियम आणि मानकांवर सोपवले आहे. संक्रमणाच्या काळात जुने नियम, ते विसंगत नसतील तेथवर, चालू राहतील अशी सरकारची भूमिका आहे. संहितेत चांगल्या गोष्टीही आहेत. कामगारांना मोफत वार्षिक आरोग्य तपासणी आहे. धोक्याची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला आहे. पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्यात लागणारा सुरक्षा अधिकारी आता पाचशेंच्या, आणि घातक प्रक्रियेच्या कारखान्यात अडीचशेंच्या ठिकाणी लागतो.

पण हिंगण्यातील लहान शेड यातल्या कोणत्या पायरीवर बसते? विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस किंवा अधिक कामगार असतील तरच संहितेच्या लेखी तो ‘कारखाना’. १९४८ च्या मूळ कायद्यात हाच आकडा दहा होता. बारा-पंधरा माणसांची शेड आता ‘आस्थापना’ म्हणून सर्वसाधारण कर्तव्यांखाली येते, कारखान्यासाठीच्या विशेष तरतुदी तिला लागू होत नाहीत. दहाहून कमी माणसांची बहुतेक ठिकाणे त्याहीबाहेर राहतात. पट्ट्याला मात्र हजेरीपटावर किती नावे आहेत हे कळत नाही. उलट सुरक्षा अधिकारी, स्वतंत्र देखभाल विभाग आणि कुलपांची पद्धत जेथे नाही, अशाच ठिकाणी तो एकट्या माणसाच्या हाती असतो. निरीक्षकाच्या नावात आता ‘सुविधाकार’ हा शब्द जोडला गेला आहे आणि तपासणी संगणकीय पद्धतीने ठरवण्याची सोय आहे. ‘इन्स्पेक्टर राज’ला कंटाळलेल्या लघुउद्योजकांनी अशा बदलांची मागणी दीर्घकाळ केली होती, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. फाइल पाहून जाणारा निरीक्षक शिडीवर चढून पट्टा पाहत होता, अशी समजूत करून घेण्यातही अर्थ नाही. परंतु निदान तो येईल या धास्तीने जाळ्या लावल्या जात. ती धास्ती कमी झाल्यावर तिच्या जागी काय येणार, याचे उत्तर उद्योजकांच्या संघटनांकडूनच अपेक्षित आहे.

अपघाताच्या सूचनेचीही तीच गत. मृत्यू झाला, किंवा दुखापतीमुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर सूचना देणे बंधनकारक असते. बोटाला टाके घालून दुसऱ्या दिवशी हलक्या कामावर बसवलेला माणूस कोठेच नोंदला जात नाही. त्यामुळे पट्ट्याचे आणि पंख्याचे अपघात किती, हा आकडा मिळण्याची शक्यता फारशी नाही.

बंद हंगामानंतर

धोका सर्वाधिक वाढतो तो दीर्घ बंदनंतर. विदर्भातील जिनिंग कारखाने याचे ठळक उदाहरण. कापूस ओढून नेणारे त्यांचे मोठे पंखे उन्हाळ्यापासून उभे असतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास नव्या हंगामाला, अनेकदा नव्याच मजुरांच्या हाती, सुरू होतात. इतके महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या चाकाच्या भाराने बेअरिंगमध्ये खाचा पडतात, ग्रीस घट्ट होते, ताणलेल्या पट्ट्याला पुलीचा बाक येतो. बंद काळात पट्टे सैल करून ठेवले आणि चाक महिन्यातून एकदा हाताने थोडे फिरवून ठेवले, तर यातले बरेच टळते. हिंगण्यातील कारखान्यांतही खंडेनवमीला यंत्रे धुऊन-पुसून पूजा होते, झेंडूची माळ घातली जाते. वर्षभरात पंख्याकडे कोणी निरखून पाहतो असा कदाचित तो एकच दिवस. त्या दिवशी पुलीवर घातलेली माळ यंत्र सुरू करण्याआधी उतरवावी लागते, एवढे मात्र सांगायला हवे.

भट्टीचा धूर ओढणाऱ्या पंख्याची गोष्ट आणखी वेगळी. दोनशे अंशांच्या हवेसाठी नेमलेला पंखा थंड हवेत सुरू केला, तर ती हवा दीडपटीहून जड असल्याने मोटरवर त्याच प्रमाणात जादा भार येतो. म्हणून असा ब्लोअर सुरू करताना झडप जवळजवळ बंद ठेवायची आणि वेग आल्यावर हळूहळू उघडायची असते. भिंतीतील पात्यांच्या पंख्याला नेमका उलटा नियम लागू आहे, त्याची वाट मोकळी ठेवूनच तो सुरू करायचा. एकाच शेडमध्ये हे दोन्ही प्रकार शेजारी असतात आणि एकच माणूस एकाच रीतीने दोन्ही सुरू करतो.

पंखा फिरू लागला म्हणजे काम संपले, असे धरण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात पहिल्या तासात क्लॅम्प मीटरने विजेचा प्रवाह मोजून तो मोटरच्या पाटीवरील आकड्याशी ताडायचा असतो. बेअरिंग किती तापते, ते तापणे थांबते की वाढतच जाते, हे पाहायचे असते. थरथर वाढली तर लगेच थांबवायचे. पहिल्या आठ तासांनंतर पंखा पुन्हा बंद करून, पुन्हा कुलूप घालून, ग्रब स्क्रू आवळायचे, कारण तापल्यावर ते सैल होतात. नवा पट्टा एक-दोन दिवसांत बसून ढिला पडतो, तेव्हा त्याचा ताण पुन्हा पाहायचा. म्हणजे एका पंख्यासाठी तीन वेळा शिडी लावायची आणि तीन वेळा जाळी काढून पुन्हा लावायची. जाळी आठ बोल्टांची असेल तर तिसऱ्या वेळी ती चार बोल्टांवर येते आणि पुढच्या दुरुस्तीनंतर भिंतीला टेकून उभी राहते. बिजागरीची जाळी, आणि तिला वेग व ताण बाहेरूनच तपासता येईल असे लहानसे झाकण, ही साधी सुधारणा हिंगण्यातील कोणताही वेल्डर एका दुपारी करून देऊ शकेल.

ज्या थोड्या कारखान्यांत या मोजमापांची वही असते, तेथे ती पॅनेलला सुतळीने बांधलेली दिसते. तारीख, प्रवाह, बेअरिंगचे तापमान, पट्टा कधी बदलला आणि कुलपाची किल्ली कोणाकडे होती, एवढे पाच रकाने पुरतात. वही नसेल, तर आज मीटरवर दिसलेले साडेआठ अँपिअर जास्त की कमी, हे वायरमनलाही सांगता येत नाही. तो खांदे उडवतो, हिरवा दिवा पाहतो आणि शिडी उचलून पुढच्या शेडकडे जातो.